चोविसाव्या पानावरची ओळ

मैथिलीचं नाव त्या यादीत एकोणिसावं होतं.

आधी वाटलं, चुकून माझ्याच संगणकातलं काहीतरी उघडलंय. मांडीवर पुस्तिकेची मुद्रितं, कानामागे शिसपेन्सिल आणि समोर एक पांढरंफटक पान. ना चित्र, ना मथळा. निळ्या अक्षरांत एकाखाली एक नावं, नुसती नावं. एकोणिसावं मैथिली अभिनंदन मगदूम. माझी मुलगी. वय वर्षं चार.

मी त्या नावावर टिचकी मारली.

कार्ड उघडलं. कोपऱ्यात मैथिलीचा फोटो, दोन शेंड्या, समोरचा दात किडलेला. खाली माझ्याच अक्षरात आमचा पत्ता, माझा नंबर, ‘बारा वाजता आई नेईल’. आणि त्याखाली, चौकटीत, आमची खूण : पेरूची फोड.

 घड्याळात साडेअकरा वाजत होते.

ही खुणेची पद्धत सांगायला हवी. अंगतपंगत बालवाडीत प्रत्येक घराची एक खूण ठरलेली असे. आईवडिलांऐवजी दुसरं कुणी मुलाला न्यायला आलं, तर त्यानं ती चौगुलेबाईंच्या कानात सांगायची. खूण बरोबर असली तर मूल हातात, नाहीतर दाराबाहेर उभं राहायचं. हे खूळ माझंच. पालकसभेत मी ते मांडलं तेव्हा सगळे हसले होते. “मगदूमबाई, बालवाडी आहे ओ, बँकेची तिजोरी न्हवं,” असं एक गृहस्थ म्हणाले होते. पण चौगुलेबाई हसल्या नाहीत. “आईला भ्या वाटतंय न्हवं? मग करू या की,” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस कार्डं छापून आणली.

ती त्रेचाळीसही कार्डं आता माझ्यासमोर होती. मला दिसत होती म्हणजे जगात कुणालाही दिसत होती.

मी कशी पोहोचले होते तिथे? कामानं. वर्षापूर्वी सांगलीच्या एका लहानशा प्रकाशनानं माझी पुस्तिका काढली होती, ‘आपला सर्व्हर, आपल्या घरी’. मागेल त्याला वेबसाइटचं पान काढून देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. काय द्यायचं, काय झाकायचं, हे त्याला सूचनांच्या एका फाइलीत ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. त्या सूचना वाचून शिकलेल्या माणसालाही घाम फुटतो. मी त्या घरच्या भाषेत आणल्या होत्या. उंबरा कुठला, माजघर कुठलं, कडी कशी घालायची. पुस्तिकेवर माझं माहेरचं नाव होतं, शर्वरी उपाध्ये. आता दुसरी आवृत्ती निघणार होती आणि वाचकांनी स्वतः उभ्या केलेल्या वेबसाइटींची नावं शेवटच्या पानावर छापायची होती. त्या एकेक उघडून बघत होते. अकरावं नाव अंगतपंगतचं निघालं. चौगुलेबाईंनी वेबसाइट माझी पुस्तिका वाचून केली, हे मला त्या क्षणी कळलं. केवढा आनंद झाला! मग सवयीनं मी वेबसाइटच्या पत्त्याचं शेपूट खोडून बघितलं. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायची माझी सवय आहे, त्यातलाच प्रकार. आणि दार उघडलं.

पुस्तिकेचं चोविसावं पान उलटून बघायची छाती झाली नाही. तिथे काय लिहिलंय ते पाठ होतं.

चौगुलेबाईंना फोन लावला. वाजत राहिला. मुलं सुटायच्या वेळी त्या फोन कपाटात टाकत. डोळे दारात हवेत, हा त्यांचा नियम. मग नवऱ्याला, अभिनंदनला लावला. त्याच्या मागे यंत्रमागांचा खडखडाट.

“अगं, कोण बघतंय ते?” तो ओरडून म्हणाला. “इचलकरंजीतल्या एका बालवाडीची कार्डं बघायला कुणाला वेळ आहे?”

“बघायचीच आहेत त्याला आहे.”

“तू ना शर्वरी, पानात साप बघतीस. बारा वाजता जा, पोरीला आण, मग निवांत बोलू.”

मी फोन ठेवला. मग एक गोष्ट केली, करायला नको होती ती. सर्च करायच्या चौकटीत मैथिलीचं पूर्ण नाव टाकलं. पहिलाच निकाल ते कार्ड. मग दुसऱ्या एका मुलाचं नाव टाकलं. त्याचंही. शोधणाऱ्याला काही येण्याची गरजच नव्हती, नाव ठाऊक असलं की पुरे.

किती दिवस उघडं होतं? कुणी कुणी बघितलं? मी वेड्यासारखी एकेक कार्ड उघडत गेले. काय शोधत होते कुणास ठाऊक. लोकांची घरं, लोकांचे नंबर, लोकांच्या खुणा. सशाचा कान. आजीचा चष्मा. तेराव्या कार्डावर थांबले. आदिनाथ हेरवाडे, सगळे त्याला आदू म्हणत. मैथिलीच्या शेजारी बसणारा, सदा शेंबडा, गोड पोरगा. त्याची खूण तांबडी छत्री. आणि तिच्याखाली लाल शाईनं, दोनदा रेघ ओढून : ‘वडील आले तरी मुलाला देऊ नये. कोर्टात केस चालू आहे.’

पावणेबारा झाले होते. मी गाडीची किल्ली घेतली.

रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी प्रत्येक वळणाला कुणीतरी आडवं येत होतं. सुताची बाचकी लादलेला टेम्पो, सायकलवरून डबे नेणारा, मधेच बसलेली गाय. हवेत कापसाची तूस उडत होती. ती डोळ्यांत जात होती आणि मला सारखं वाटत होतं, डोळे मिटले तर तेवढ्यात काहीतरी होईल. प्रत्येक मोटरसायकलवर पुढे बसलेलं मूल मैथिली दिसत होतं. मनात एकच पाढा चालू : पेरूची फोड, पेरूची फोड. आता कुणीही म्हणू शकत होतं.

बालवाडीच्या फाटकात पोचले तेव्हा मुलं सुटायला लागली होती. मैथिली ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. मी तिला उचललं, इतकं घट्ट की ती म्हणाली, “आई, दुखतंय.”

तेवढ्यानं माझं काम झालं होतं. खरंच सांगते, क्षणभर मनात आलं, चला, घरी जाऊ, बाईंना दुपारी फोन करून सांगू.

मग मागून आवाज आला, “पप्पाऽऽ!”

आदू धावत गेला आणि एका माणसाच्या पायांना मिठी मारली. माणूस तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत खेळण्यातला ट्रॅक्टर. त्यानं आदूचा मुका घेतला, मग बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. चौगुलेबाईंनी मान हलवली. साठीच्या, ठेंगण्या, कायम पदर खोचलेल्या बाई. त्या हसून म्हणाल्या, “जा बाळ, पप्पा आलेत. दप्तर घे.”

“बाई, थांबा,” मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्या माणसानं आदूला कडेवर घेतलं. आदूच्या चपला अजून मांडणीत होत्या, निळ्या, कार्टूनच्या. मी पुढे झाले आणि त्या चपलाच उचलल्या. दुसरं काही सुचलं नाही.

“बाई, याला देऊ नका.”

सगळे थांबले. तीनचार आया, एक आजोबा, रिक्षावाले मामा.

“काय झालं ओ, मगदूमबाई?” चौगुलेबाईंनी विचारलं. “वडील हाईत त्याचे. खूण बरोबर सांगितली.”

“खुणेला काही अर्थ राहिला नाही, बाई. सगळ्यांच्या खुणा बाहेर फुटल्यात.”

“फुटल्यात म्हंजे?”

“वेबसाइटवर. सगळी कार्डं दिसताहेत. कुणालाही.”

बाईंचा चेहरा उतरला, पण त्या ठाम म्हणाल्या, “शक्यच न्हाई. मी पुस्तकातनं बघून केलंय सगळं. एकेक ओळ बोटानं मोजून.”

तो माणूस हसला. माझ्याकडे नाही, जमलेल्या बायकांकडे बघून हसला. “ताई, तुमच्या पोरीला घेऊन तुम्ही घरी जावा की. माझा पोरगा मला बघून कसा पळत आला, बघितलं न्हवं सगळ्यांनी? परक्याकडं पळत येतंय का पोर?”

“होय की,” एक बाई म्हणाली. “पप्पा म्हणालं की ते.”

“या बाईंना सगळ्याचंच भ्या वाटतंय,” दुसरी हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतपत.

 मैथिली एका कडेवर, आदूच्या चपला हातात. हा माणूस खरंच बाप होता. पोर खरंच खूश होतं. आणि मी, जिला पानात साप दिसतात, अशी सगळ्यांच्या देखत एका बापाला अडवून उभी होते. बायकोनंच पाठवलं असेल तर? मिटलं असेल दोघांचं, तर?

“आदूच्या आईनं कार्डावर लिहून दिलंय,” मी कसंबसं म्हणाले. “वडिलांना देऊ नये म्हणून.”

“होय, लिहिलं होतं,” चौगुलेबाई आठवून म्हणाल्या. “पर आता तिनंच यास्नी खूण सांगितली म्हटल्यावर मला वाटलं, मिटलं असंल.”

“मिटलंच की,” तो म्हणाला. पण आता त्याचा आवाज चढला होता. “आणि लिहिलं म्हणून काय झालं? लाल शाईनं दोन रेघा मारल्या म्हणजे बाप मेला काय?”

 

चौगुलेबाई एक पायरी खाली उतरल्या. “लाल शाई तुम्ही कुठं बघितली?”

“काय?”

“ते कार्ड माझ्या कपाटात असतंय, कुलपात. आदूच्या आईनं माझ्यासमोर बसून लिहिलं. माझ्याच पेनानं. ह्या बाई शाईचं काय बोलल्या न्हाईत. तुम्ही कुठं बघितली?”

“तिनंच दाखवलं.”

“तुम्हाला देऊ नका म्हणून लिहिलेलं कार्ड तिनं तुम्हालाच दाखवलं?”

त्यानं आदूला आणखी वर उचललं आणि फाटकाकडे बघितलं. बाहेर त्याची मोटरसायकल उभी होती. मला वाटलं, आता पळेल.  रिक्षावाले मामा काही न बोलता फाटकात जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून.

“पोराला खाली ठेवा, दादा,” बाई म्हणाल्या. त्या आवाजात त्या मुलांना ‘हात धुवा’ म्हणत. “त्याची आई येऊ दे. दोघं मिळून न्या, मी काय आडवी येत न्हाई.”

त्यानं आदूला खाली ठेवलं. ट्रॅक्टरची पिशवी ओट्यावर ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्हाला देव बघून घेईल.” ते वाक्य कित्येक वर्षं माझ्याबरोबर झोपलं आणि उठलं. मोटरसायकल सुरू झाली, गेली. आदू रडायला लागला. चपला अजून माझ्याच हातात होत्या. बाईंनी त्या घेऊन त्याच्या पायात घातल्या.

आदूची आई पद्मजा एका शिलाईच्या कारखान्यात होती. तिथे फोन आत नेऊ देत नसत. मामा रिक्षा घेऊन तिला आणायला गेले. तोवर बाईंनी मला ऑफिसात नेलं. ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा. टेबलाखाली एक जुना संगणक घुरघुरत होता आणि त्याच्यावर विणलेला रुमाल टाकलेला.

“काय करायचं सांगा. आत्ताच्या आत्ता.”

मी आधी तारच काढली. वेबसाइट बंद पडली. मग बाईंनी कपाटातून पुस्तिका काढली. माझी पुस्तिका. तिला खाकी कव्हर घातलेलं, वर चिठ्ठी, ‘मालन चौगुले, वर्ग मोठा’. आत समासात शिसपेन्सिलीनं बरोबरच्या खुणा. प्रत्येक ओळ टाइप करून झाली की एक खूण.

“माझं कुठं चुकलं ते दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी चोविसावं पान उघडलं. त्या पानावर एका ओळीपुढे बरोबरची खूण नव्हती. सर्व्हर मुळात भोळा असतो. एखाद्या खोलीत मुख्य पान नसेल, तर आत काय काय ठेवलंय त्याची यादीच तो पाहुण्यासमोर धरतो. ‘यादी दाखवू नकोस’ असं त्याला सांगावं लागतं. एका ओळीचं काम.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि त्या ओळीखालचं वाक्य बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. “घाबरून जाऊ नका. ही ओळ नाही लिहिली तरी चालेल.”

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. “मग मी न्हाई लिहिली. चालंल म्हणून लिहिलंय की हितं. ह्या उपाध्येबाईंनी.”

पहिल्या खर्ड्यात मी तसं लिहिलं नव्हतं. ‘ही ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका’ असं लिहिलं होतं. अशी अकरा ठिकाणी धोक्याची सूचना होती. प्रकाशनाच्या देशिंगकर सरांनी त्या अकराही सूचनांभोवती गोल काढले. “बाई, हे पुस्तक आहे की विजेच्या डीपीवरची कवटीची पाटी?” म्हणाले. “वाचक पळून जाईल. तुमची भीती त्याच्या गळ्यात कशाला?” मला लाज वाटली. घरीदारी हेच तर ऐकत आले होते. एकदा तरी न घाबरणारी बाई व्हावं म्हणून मी एका बैठकीत ती अकराही वाक्यं बदलली. चोविसाव्या पानावर पोचले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

“उपाध्ये मीच आहे, बाई,” मी म्हणाले. “माहेरची.”

चौगुलेबाईंनी पुस्तिका मिटली, खाकी कव्हरवरून हात फिरवला. तेवढ्यात पद्मजा आली.

ती धावतच आत शिरली, गळ्यात मोजायची टेप तशीच. आदूला तिनं कवटाळलं नाही. आधी त्याचे हात बघितले, पाय बघितले, तोंड बघितलं. मग भिंतीला टेकून खाली बसली. “मागच्या खेपेला बावीस दिवस पोरगं दिसलं न्हवतं मला,” ती म्हणाली. “बावीस दिवस. जिवंत हाय का न्हाई, ते पण कळू दिलं न्हाई.”

मग तिनं बाईंकडे मान वर केली. “खूण कशी कळली त्याला?”

जिन्याखाली आम्ही तिघीच होतो. बाहेर मैथिली आणि आदू ट्रॅक्टर चालवत होते. चौगुलेबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे ठाऊक असलं की बाई जशी वाट बघते, तशा त्या बघत होत्या.

मी मान खाली घातली.

थोड्या वेळानं बाईच बोलल्या. “चूक माझी. संगणकावर कार्डं घातली मी. ती उघडी राहिली. मला ते नीट जमलं न्हाई.”

“जमत नाही तर करायचं कशाला ओ, बाई?” पद्मजा म्हणाली. “या वयात?”

“खरं हाय,” बाई म्हणाल्या.

मग पद्मजा उठली, माझ्यापाशी आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. “ताई, तुम्ही नसता तर,” म्हणाली. मी तिला उठवलं. मी काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही. खरं ते म्हणाले नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या आवृत्तीत अकराही धोक्याच्या सूचना परत आल्या. देशिंगकर सर म्हणाले, वाचक घाबरेल. मी म्हटलं, घाबरू दे. वाचकांच्या वेबसाइटींच्या यादीत अंगतपंगत नव्हती. चौगुलेबाईंनी तो संगणक भंगारात दिला आणि पुन्हा कधी कुठल्या संगणकाला हात लावला नाही. रस्त्यात भेटल्या की मैथिलीची चौकशी करत. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. दर संक्रांतीला पद्मजाकडून तिळगूळ येतो. डब्यावर चिठ्ठी असते, ‘ताईंना’. दर संक्रांतीला मी तो डबा दोन दिवस उघडत नाही.

यंदा डब्याच्या आधी आदूचाच फोन आला. आवाज फुटलाय त्याचा. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, संगणकच घेतलाय.

“काकू, एक विचारू का? तुम्ही या लाइनमधल्या म्हणून. मला सर्व्हर बसवायचाय. लायब्ररीत एक जुनं मराठी पुस्तक मिळालं, एकदम सोप्या भाषेत. कुणी उपाध्ये म्हणून आहेत त्यांचं. सगळं कळतंय, पण एका ओळीपाशी अडलोय.”

मी खुर्ची ओढून बसले. “पान कितवं?”

“चोवीस. त्यात लिहिलंय, ही ओळ नाही लिहिली तरी चालेल. मी लिहू का सोडू?”

 या वेळी मी मान खाली घातली नाही.

“लिही,” मी म्हणाले. “आणि आदू, रविवारी ते पुस्तक घेऊन ये. येताना आईलाही आण. आपल्याला चौगुलेबाईंच्या घरी जायचंय.”

“का हो, काकू? काय झालं?”

“ती उपाध्ये कोण, ते सांगते.”